भरती अकॅडमीच्या सरांना खुलं पत्र: दम आधी येतो, हाड मागून येतं

नमस्कार सर,

तुमच्यातले बरेच जण रिटायर्ड फौजी आहात, काही जण स्वतः दोन-तीन भरत्या एक-दोन मार्कांनी हुकलेले, काही बीपीएड, म्हणजे पीटी शिक्षकाची पदवी केलेले. तालुक्याच्या गावात पत्र्याचं शेड, बाजूला अभ्यासिका, मागे मेस आणि पहाटे पाचला बायपासवर शिट्टी, हे सगळं मला पाठ आहे कारण मी त्यातूनच गेलोय. आता एका शाळेत पीटी शिकवतो, संध्याकाळी गावातली दहा-बारा पोरंपोरी माझ्याकडे ग्राउंडला येतात, फी वगैरे काही नाही. म्हणजे हे पत्र तुमची बॅच फोडायला लिहिलेलं नाहीये हे आधीच सांगतो. शेतमजुराच्या पोराला वर्दीपर्यंत नेण्याचं काम तुम्ही करता, ते दुसरं कोणी करत नाही, हे पण मी मनापासून मानतो.

पण एक गोष्ट बोलायचीच आहे.

मी अकॅडमीत गेलो तेव्हा १९ वर्षांचा होतो, बारावीनंतर वर्षभर एका दुकानात काउंटरवर बसलेलो, पळायची सवय शून्य. पहिल्याच आठवड्यापासून रोज आठ-दहा किलोमीटर, तेही डांबरीवर. आधी पोटऱ्या भरून आल्या, जिना उतरता येईना, मग ते गेलं आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दम एकदम सुटला, १६०० मीटरचं टायमिंग सात मिनिटं पाच सेकंदांवरून साडेसहा मिनिटांच्या आत आलं, मी खुश, सर पण खुश. पाचव्या आठवड्यात उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला एका जागी दुखायला लागलं. एकच बोट ठेवावं एवढीच जागा. गावातल्या डॉक्टरकडे एक्सरे काढला, क्लीअर आला. सर म्हणाले बघ, काही नाहीये, मनाचा खेळ आहे, पळ. मी गोळी खाऊन पळत राहिलो. पुढे भरतीच्या ग्राउंडवर तिसऱ्या राऊंडच्या वळणावर नडगीत काटकन आवाज झाला आणि मी तिथेच बसलो. प्लास्टर, मग काठी, आणि पुढची भरती निघेपर्यंत वय निघून गेलं.

त्या सरांवर माझा राग नाही, खरंच नाही. त्यांना हे कुणी शिकवलंच नव्हतं. मला पण बीपीएडला गेल्यावर पुस्तकात कळलं की माझ्या पायात नेमकं काय झालं, आणि तेव्हा रात्री झोप लागली नाही, कारण ते टाळणं इतकं सोपं होतं. तेच तुम्हाला सांगायचंय.

हाड म्हणजे दगड आहे असं आपल्याला वाटतं ना, पण ते जिवंत आहे, रोज मोडतं आणि रोज बांधलं जातं. पळायला लागलं की प्रत्येक पावलाला जमिनीकडून अंगाच्या वजनाच्या दोन ते तीन पट धक्का येतो, म्हणजे ६० किलोचं पोरगं असेल तर एका पायावर १२० ते १८० किलो, आणि दहा किलोमीटरमध्ये एकेक पाय चार हजारांच्या वर वेळा आपटतो. या धक्क्याने हाडाला निरोप जातो की बाबा, आता जास्त मजबूत व्हायचंय. मग काही पेशी जुनं झिजलेलं हाड खरवडून काढतात, त्याला दोन-तीन आठवडे लागतात, आणि मागून दुसऱ्या पेशी तिथे नवं हाड भरतात, पण ते भरून घट्ट व्हायला तीन-चार महिने जातात. म्हणजे मधे एक काळ असा येतो की खरवडून झालंय पण भरून झालेलं नाही. पहिल्या दोन महिन्यांत हाड आधीपेक्षा कच्चं असू शकतं सर! स्लॅब टाकला की सेंटरिंग लगेच कोणी काढत नाही, पाणी मारत थांबतो आपण. आणि इथे नेमकं तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात पोराचा दम वाढलेला असतो म्हणून आपण रनिंग डबल करतो.

दम का आधी वाढतो ते पण बघा. पळायला लागल्यावर एक-दोन आठवड्यांतच रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला लागतं, म्हणून पोरगं लगेच हलकं पळतंय असं दिसतं. स्नायूंच्या आत ऑक्सिजन वापरणारी यंत्रणा आणि बारीक रक्तवाहिन्या वाढायला आठवडे-महिने लागतात. टाचेमागची जाड शीर, गुडघ्याच्या वाटीखालची शीर, म्हणजे रक्तवाहिन्या नाही तर स्नायूला हाडाशी बांधणारे दोर, ह्या त्याहून हळू. आणि हाड सगळ्यात मागे. एकाच शरीरात चार वेगवेगळ्या घड्याळांवर काम चालू असतं आणि आपण हातातल्या स्टॉपवॉचवर फक्त पहिलं घड्याळ बघतो.

हे नवीन नाहीये बरं का. १८५५ मध्ये प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलंय की लांब मार्च करणाऱ्या शिपायांचे पाय सुजतात आणि दुखतात. तेव्हा एक्सरे नव्हता, तो १८९५ ला आला, आणि मग कळलं की त्या पायांत हाडाला बारीक चीर पडलेली असते. फौजेत आजही त्याला मार्च फ्रॅक्चर म्हणतात, तुमच्यातल्या फौजी सरांनी ऐकलं असेल. इस्रायलच्या सैन्याने यावर २५ वर्षं डोकं लावलं, बूट बदलून बघितले, बरंच काही केलं, आणि शेवटी ज्या गोष्टींनी मोठा फरक पडला त्या दोन होत्या: रिक्रूटला रात्री कमीत कमी ६ तास झोप सक्तीची आणि एकूण मार्चिंग कमी. निम्म्याहून जास्त फ्रॅक्चर कमी झाले. आता आपल्याकडे बघा, पोरं रात्री अकरा-साडेअकरापर्यंत अभ्यासिकेत आणि पहाटे साडेचारला उठून ग्राउंडवर. पाच तास. हाड आणि स्नायू दुरुस्त व्हायचा वेळच आपण कापून टाकलाय.

आणि तो एक्सरे. सर, ही एक गोष्ट तरी लक्षात ठेवा. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत ही चीर साध्या एक्सरेवर बऱ्याचदा दिसतच नाही. एमआरआयवर दिसते, पण तो तालुक्याला नसतो आणि असला तरी परवडत नाही. त्यामुळे एक्सरे क्लीअर आला म्हणून पोरगं नाटक करतंय असं धरू नका. नडगीच्या आतल्या कडेला वीतभर लांब पट्ट्यात दुखत असेल आणि वॉर्मअप झाल्यावर कमी होत असेल तर ते बहुतेक हाडाच्या कडेला आलेला ताण असतो, रनिंग कमी करून बरं होतं. पण एका बोटाएवढ्या जागी दुखतंय, दाबलं की पोरगं पाय ओढून घेतंय, पळताना वाढत जातंय आणि रात्री झोपेत पण ठणकतंय, तर त्या दिवसापासून पळणं बंद, सहा ते आठ आठवडे, आणि हाडाच्या डॉक्टरकडे. आणि कोणी जांघेत खोल दुखतंय म्हणालं, पळताना लंगडतंय, तर एक दिवस पण थांबू नका, खुब्याच्या हाडाची मान चिरली असेल आणि ती पूर्ण तुटली तर ऑपरेशन लागतं आणि पोरगं आयुष्यभर लंगडू शकतं.

आपल्या मातीतलंच उदाहरण देतो. तालमीत वस्ताद नव्या पोराला पहिल्या दिवशी मोठ्या पैलवानाच्या अंगावर सोडतो का? आधी हौदा खणायला लावतो, जोर-बैठका, मग हळूहळू. आणि हौद्याची लाल माती खणून, त्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालून मऊ ठेवतात, पडलं तरी हाड वाचावं म्हणून. दुपारी झोप ठरलेली, खुराक ठरलेला. ही अक्कल आपल्याकडे किती पिढ्यांपासून आहे! आणि आपण पोरांना हायवेच्या कडेला डांबरीवर पळवतो, अंधारात, मागून ट्रक येतायत, पायात झिजलेले कॅनव्हास. शाळेचं मैदान मागा, नांगरून सपाट केलेलं शेत बघा, मुरमाचा कच्चा रस्ता बघा, बंधाऱ्याची कड बघा. मी आमच्याकडे एका शेतकऱ्याच्या रिकाम्या रानात चुन्याने २०० मीटरचा ट्रॅक आखलाय, खर्च दोन पोती चुना.

आता पोलीस भरतीच्या १६०० मीटरबद्दल. पाच मिनिटं दहा सेकंदांत किंवा त्याच्या आत आलं की २० पैकी २०, हे तुमच्या भिंतीवर लिहिलेलंच असतं. म्हणजे ४०० मीटरचा एक राऊंड साडेसत्त्याहत्तर सेकंदांचा, चारही सारखे. पण आपली पोरं पहिला राऊंड ६५-६८ मध्ये मारतात, दुसऱ्यात छाती भरून येते, तिसऱ्यात पाय शिशाचे होतात आणि चौथा रांगत. याचं कारण त्यांच्या हिमतीत नाही, स्नायूंच्या जळणात आहे. स्नायूत तयार ठेवलेली ताकद जेमतेम दहा सेकंदांच्या दौडीची, ती १०० मीटरला आणि गोळाफेकीला कामाची. त्यानंतर ऑक्सिजन न लागणारं जळण जोरात चालतं पण एक-दोन मिनिटांत स्नायूतलं वातावरण आंबट होतं आणि तो आवळायला नकार देतो. आणि पाच-सहा मिनिटांच्या शर्यतीतली जवळजवळ ८० टक्के ताकद ऑक्सिजनवाल्या यंत्रणेतून येते. म्हणजे १६०० चा अभ्यास हा मुख्यतः हळू पळायचा अभ्यास आहे, ऐकायला विचित्र वाटेल पण असंच आहे. पोरगं शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलू शकेल इतक्या वेगात पळवा, आठवड्यातलं बहुतेक रनिंग तसंच. बोलता येत नाहीये म्हणजे वेग जास्त झाला, घड्याळ नको, मशीन नको.

रोज सकाळी १६०० चं टायमिंग घ्यायची पद्धत तर बंदच करा सर. पेरलेलं रोज उकरून बघितलं तर उगवेल का? टायमिंग हा पेपर आहे, अभ्यास नाही, तीन-चार आठवड्यातून एकदा बास. माझ्याकडे नवीन पोरगं आलं की पहिला महिना एक मिनिट पळ, एक मिनिट चाल, मग दोन पळ एक चाल, एक दिवस पळायचं दुसऱ्या दिवशी पळायचं नाही. न पळायच्या दिवशी पायरीवर उभं राहून टाचा वर-खाली, बैठका, पोट-कंबरेचा व्यायाम, कारण पोटरी आणि मांडी ताकदवान असेल तर नडगीवरचा धक्का स्नायू खातात. दुसऱ्या महिन्यात आठवड्यातून एकदा ४०० चे चार-पाच राऊंड ठरलेल्या वेगात, मधे अडीच-तीन मिनिटं चालत आराम. शेवटचे आठ-दहा दिवस रनिंग निम्म्यावर. पोरं घाबरतात तेव्हा, म्हणतात सर दम जाईल, पण दहा दिवसांत दम जात नाही, थकवा जातो.

तुमच्या सगळ्यांच्या भिंतीवर अविनाश साबळेचा फोटो असतो, माझ्या शाळेत पण आहे. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा, बारावीनंतर फौजेत गेला आणि ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, २०२४ ला पॅरिसच्या डायमंड लीगला ८ मिनिटं ९.९१ सेकंदांचा नॅशनल रेकॉर्ड केला. पोरांना तुम्ही त्याची जिद्द सांगता, बरोबर आहे. पण हे पण सांगा की तो लहानपणी शाळेसाठी रोज कित्येक किलोमीटर पायी आणि पळत जायचा. त्याची हाडं आणि शिरा कित्येक वर्षांत तयार झाल्या. मोटरसायकलवर कॉलेजला गेलेलं आपलं पोरगं तीन महिन्यांत ते कुठून आणणार?

गोळाफेकीबद्दल जास्त लिहीत नाही. एवढंच की ७.२६० किलोचा गोळा हाताने जात नाही, तो पायाने जातो. तळव्यातून सुरू झालेला जोर मांडी, खुबा, कंबर, खांदा असा वर चढतो आणि बोटं फक्त शेवटचा धक्का देतात. पोरं क्रिकेटच्या बॉलसारखा फेकायला जातात आणि खांदा-कोपर घेऊन बसतात. मुलींचा ४ किलोचा, तिथेही तेच.

आता जे सगळ्यात जड आहे ते. शिक्षा. उशिरा आला म्हणून तीनशे उठाबशा, मोबाईल सापडला म्हणून बेडूक उड्या पूर्ण ग्राउंडभर. शिस्त पाहिजे, मी पण मानतो, वर्दी घालायचीये त्यांना. पण सवय नसलेल्या पोराला एकदम शेकड्याने उठाबशा घातल्या की मांडीच्या स्नायूंच्या पेशी फुटतात आणि त्यातला लाल पदार्थ रक्तात उतरून किडनीत जाऊन बसतो. एक-दोन दिवसांनी मांड्या सुजून दगड होतात आणि लघवी काळ्या चहासारखी होते. ह्यात किडनी बंद पडून पोरं डायलिसिसवर जातात, जीव पण जातो. हे नेहमीचं अंगदुखणं समजून "लॅक्टिक ऍसिड साठलंय, पळून मोकळं कर" म्हणू नका. लॅक्टिक ऍसिड तर पळणं थांबवल्यावर तासाभरात रक्तातून निघून जातं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे दुखतं ते स्नायूंच्या धाग्यांना झालेल्या बारीक इजेचं असतं आणि त्याला वेळच द्यावा लागतो. काळी लघवी दिसली की सरळ दवाखाना. आणि शिक्षा द्यायचीच असेल तर ग्राउंड झाडायला लावा, मेसची भांडी द्या, शरीर म्हणजे शिक्षेची जागा नको.

पाण्याचं पण तसंच, पळताना पाणी प्यायलं की दम तुटतो असं अजूनही सांगितलं जातं. मराठवाड्यात विदर्भात मार्चनंतर सकाळी आठलाच काय ऊन असतं तुम्हाला माहितीये. शरीर घाम वाळवून थंड होतं, पाणी कमी पडलं की रक्त घट्ट होतं, तेच रक्त कातडीलाही पाहिजे आणि पायांनाही, हृदयाला जास्त धावावं लागतं. उन्हाची सवय लागायला दहा ते चौदा दिवस लागतात, गावाकडून सुट्टी काढून आलेल्या पोराला पहिल्याच दिवशी पूर्ण वर्कआउट देऊ नका. पळता पळता कोणी झोकांड्या खायला लागलं, असंबद्ध बोलायला लागलं, तर ते उष्माघात धरा. सावलीत न्या, कपडे काढा, अंगावर गार पाणी ओतत राहा, वारा घाला, आधी थंड करणं आणि मग गाडीत घालणं, आणि शुद्ध नसेल तर तोंडात पाणी अजिबात नको. एक भरलेलं पिंप आणि दोन मग ग्राउंडवर कायम ठेवा, एवढ्याने जीव वाचतो.

पेनकिलरचं इंजेक्शन घेऊन ग्राउंडला उतरवणं बंद करा. दुखणं हा एकच अलार्म आहे त्याच्याकडे, तो काढून घेतला की पुढचं पाऊल हाड मोडूनच थांबतं, आणि अंगात पाणी कमी असताना ही पेनकिलर किडनीवर पण येतात. ताकदीच्या म्हणून कोण कुठली इंजेक्शनं विकतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. ती विकणाऱ्याला गेटच्या आत घेऊ नका, एवढं तुमच्या हातात आहे.

आणि मुली. दरवर्षी जास्त येतायत, खूप छान वाटतं. पण त्यांना पोरांचाच प्रोग्राम थोडा कमी करून दिला जातो आणि संपलं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना ॲनिमिया निघालाय. ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिनच कमी असेल तर ८०० मीटर दोन मिनिटं पन्नास सेकंदांत कशी येणार पोरगी, तिने कितीही जीव तोडला तरी? तिला आळशी म्हणायच्या आधी रक्त तपासा, सरकारी दवाखान्यात होतं, १२ च्या खाली असेल तर डॉक्टरकडून लोहाच्या गोळ्या. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणजे रक्त भरायला महिने लागतात, भरती निघाल्यावर नाही तर ॲडमिशनच्या दिवशीच तपासा. दुसरं, वजन कमी व्हावं म्हणून मुली रात्रीचं जेवण सोडतात आणि मग दोन-तीन महिने पाळी येत नाही. बऱ्याच जणी म्हणतात बरं झालं, कटकट गेली. ते बरं नाहीये, शरीर उपाशी आहे म्हणून बंद झालंय आणि पाळीमागे जे हार्मोन असतं तेच हाडं राखतं, म्हणजे ती पोरगी कच्च्या हाडांवर पळतेय. हे ती तुम्हाला कधीच सांगणार नाही सर, त्यासाठी ग्राउंडवर एक बाई पाहिजे, एखादी सिलेक्शन झालेली माजी विद्यार्थिनी, गावातली आशा ताई, कोणीही, पण जिच्याशी ती बोलेल अशी.

खाण्याचं बोलायचं तर मेसमध्ये सकाळी चहा-पोहे आणि डायरेक्ट दुपारी भात, त्याच्यात हाड कशाने भरणार. अंडी, भिजवलेले हरभरे, शेंगदाणे-गूळ, दूध नाही परवडलं तर नाचणीची आंबील, चुलीवरची ज्वारीची भाकरी आणि डाळ घट्ट. पहाटे रनिंगनंतर तासाभरात पोटात काहीतरी. डब्याच्या पावडरी नकोत, त्या पैशात महिनाभराची अंडी येतात.

मला माहितीये तुमची अडचण. जाहिरात निघाली की पोरं येतात आणि तीन महिन्यांत रिझल्ट मागतात, घरचे फोन करतात, बाजूची अकॅडमी रोज पंधरा किलोमीटर पळवते म्हणून पोरं तिकडे जातात. मग बॅच जाहिरातीच्या आधी सुरू करा, पहिले दोन महिने फी कमी घ्या पण हळू पळवा. आणि सिलेक्शन झालेल्यांचे फोटो लावता तसा प्रत्येक बॅचला किती पोरं जखमी होऊन मधेच घरी गेली त्याचा आकडा एका वहीत लिहून ठेवा, बाहेर दाखवू नका हवं तर, पण लिहा. ती पोरं परत येत नाहीत म्हणून तुम्हाला दिसत नाहीत.

माझ्याकडे आत्ता एक पोरगा आहे, २० वर्षांचा, दुसऱ्या ठिकाणी सहा आठवडे पळून आलाय. पहिल्याच दिवशी त्याने डाव्या नडगीवर एक बोट ठेवलं आणि म्हणाला सर इथे. मी काही बोललोच नाही थोडा वेळ. डॉक्टरांनी बघितलंय, आज त्याचा पळणं बंद केल्याचा सातवा आठवडा आहे, रोज चालतो, सायकल मारतो, विहिरीत पोहतो, गोळ्याची टेक्निक तर त्याची आता बॅचमध्ये सगळ्यात भारी झालीये. दाबून बघितलं तर दुखत नाही आता. डॉक्टर हो म्हणाले तर येत्या सोमवारी संध्याकाळी साडेपाचला त्याला रानातल्या ट्रॅकवर एक मिनिट पळ, एक मिनिट चाल असं सुरू करायचंय. तुमच्यातलं कोणी बघायला येणार असेल तर जरूर या, चहा माझ्याकडे.

आपला,
एक माजी भरतीवाला, सध्या पीटीचा मास्तर